साठ गोळे

"हायड्रोजन!" रागिणीने वहीवर पेन आपटला. "दहा ग्रॅम हायड्रोजन, अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजन. कमी हायड्रोजन हाय न, मंग अमोनिया होताना तेच आधी संपन! अन् मागं उत्तर देलं नायट्रोजन!"

सकाळपासूनची ही सहावी आपट. आशाबाईचं डोकं भणाणलं. अकोल्यात क्लासला आलेल्या पोरांची खानावळ तिची. घटकाभरात अठरा पोट्टे जेवायला येणार, आणि घरची पोरगी डॉक्टरीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणार असूनही याच गणितावर अडलेली. पेपर रविवारी. 'यंदा शेवटचं,' असं बापाने बजावलेलं.

"इकडं ये," तिने झारा उगारला. "कढी अठरा वाट्या. दाळीचे गोळे साठ. एका ताटाले चार गोळे, एक वाटी कढी. आधी काय सरन?"

"कढी. अठराच तं वाट्या हाय."

आशाबाईने कपाळावर हात मारला. "वा डॉक्टरीणबाई! कमी काय हाय ते काहून पायतं? लागते किती ते पाय! चार-चारनं पंधरा पोट्ट्यांतच गोळे खलास. उरलेली कढी काय माह्या डोक्शावर ओतू? दाळ भिजवाले सांगतली, तं तेही कमीच भिजवली तूनं!"

रागिणी खाली बसून भराभर लिहू लागली. अठ्ठावीस नायट्रोजनला सहाच हायड्रोजन पुरतो. चार उरतो. तिने पुन्हा मांडलं. तेच आलं. आणि आनंद व्हायचा सोडून तिला रडू फुटलं.

"आता समजलं, आई. दोन वर्षं गेल्यावर."

"रडाले टाइम नाई. ताटं मांड. आज तीन-तीन वाढू."

"रिॲक्शनमधी असं प्रमाण बदलवता येत नाई," रागिणी नाक पुसत म्हणाली.

"तुह्या पुस्तकात नसन येत."

अठरा ताटं भरली. सहा गोळे उरले. आशाबाईने एकोणिसावं ताट ओढलं, सहाच्या सहा त्यात घातले आणि ताट रागिणीपुढे सरकवलं.

"एवढे? अन् रविवारी नाई जमलं तं? बाबा..."

"तुह्या बापाची सबूर सरली तं सरली," आशाबाई खेकसली. "माही उरून हाय अजून. जेव."