मोठ्यानं वाच

"उभे राहा जरा," सर म्हणाले, आणि नवा उभा राहिला.

नवा तसा काही नवा नव्हता. कानशिलं पांढरी झालेली, मुलगी कॉलेजात. पण या खोलीत सगळ्यांत शेवटी आला म्हणून तो नवा, आणि पुढचा माणूस येईपर्यंत नवाच. आता तो पुढचा माणूस बहुतेक याच्याच खुर्चीवर येणार, असा रंग दिसत होता.

झालं होतं ते असं. एका डायलिसिस केंद्रातल्या पेशंटांच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर यांच्या सर्व्हरवर, 'रांग' नावाच्या कंटेनरमध्ये चालायचं. कंटेनर म्हणजे एक बंद डबाच म्हणा. असे पुष्कळ डबे, प्रत्येकात एकेक काम. आज्ञा टाईप केली की डबा सुरू होतो, आज्ञा टाईप केली की थांबतो, आणि काढून टाक म्हटलं की जातो. काल संध्याकाळी 'रांग' कोणीतरी काढून टाकला होता, आतल्या साठ्यासकट, म्हणजे व्हॉल्यूम्ससकट. राखीव प्रत निघाली ती जुनी. आज सकाळपासून केंद्राच्या बाकांवर माणसं सुजलेले पाय पुढे करून बसली होती आणि आधी कोणाला घ्यायचं ते तिथल्या नर्सला सांगता येत नव्हतं.

"काल साफसफाई कोणी केली?"

"मी, सर. पण तुम्ही सांगितलेले दोनच डबे काढले. दोन्ही चाचणीचे होते."

"आणि तिसरा आपल्या पायानं निघून गेला?"

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"रांगला मी हातही लावला नाही, सर."

"हात कशाला लावायला हवा? बोटं पुरतात."

कोणी केलं ते यंत्राला विचारायची सोय नव्हती. खोलीत सगळ्यांचं लॉगिन एकच, पासवर्ड एकच, आणि तोही फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला. बाहेरच्यांना कळू नये म्हणून वर 'दूधवाला' असं लिहून ठेवलेलं. यंत्रानं टाईप झालेल्या आज्ञा तेवढ्या जपल्या होत्या. माणसाचं नाव नाही, वेळ नाही.

"ताई, कालच्या आज्ञा काढ," सर म्हणाले. "आणि मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू दे. केंद्राचा फोन येईल, मला त्यांना एक नाव द्यायचंय. आणि ते नाव उद्यापासून या ऑफिसात नसेल."

नव्यानं टेबलाचा कोपरा धरला.

ताई सरांची सगळ्यांत जुनी माणूस. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटवून यंत्राला कामाला कसं लावायचं, हे तिला सरांनी शिकवलेलं. तिच्या दोन्ही बाळंतपणांत वरच्यांशी भांडून तिची जागा त्यांनीच राखून ठेवली होती. तिनं आज्ञा वर सरकवल्या. पडदा फक्त तिच्यासमोर होता.

"आरएम, एफ, चाचणी एक," तिनं वाचलं. "आरएम, एफ, चाचणी दोन."

आरएम म्हणजे रिमूव्ह, काढ. एफ म्हणजे फोर्स, उलट विचारू नकोस, काढच. खोलीत सगळे असंच आखूड लिहायचे. सर सोडून. सरांना या आखूडपणाचा भारी राग. "अक्षरं वाचवून कुठे नेणार आहात? पूर्ण शब्द लिहा. काय करतोय ते बोटांना कळू दे." सगळे मान डोलवायचे आणि सरांची पाठ वळली की पुन्हा एफ. ताईसुद्धा.

तिसरी ओळ लांब होती.

ताईनं ती मनात एकदा वाचली. मग आणखी एकदा. 'आरएम, एफ, व्ही, रांग' असं वाचून टाकलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. अर्थ तोच होता.

"काय गं, अडकलीस कुठे?"

तिनं नव्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. फळ्यावरच्या दूधवाल्याकडे बघत होता.

"कंटेनर," ताई म्हणाली. "रिमूव्ह. फोर्स. व्हॉल्यूम्स. रांग."

एक खुर्ची करकरली. मग सगळेजण सरांकडे न बघण्याच्या कामाला लागले. कोणी चष्मा पुसायला घेतला, कोणी बाटलीचं झाकण उघडून परत लावलं.

"पुन्हा वाच," सर म्हणाले. आवाज बराच खाली आला होता.

ताईनं पुन्हा वाचलं. तेवढंच सावकाश, शब्द न् शब्द. मान वर केली नाही.

टेबलाच्या कडेवर सरांची बोटं हलली. कोणीतरी सांगतंय आणि आपण टाईप करतोय, तशी. शेवटच्या शब्दाशी ती थांबली.

"मला वाटलं, तोही चाचणीचाच..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

नव्याची खुर्ची खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. सरांनी आपली खुर्ची ओढत आणली आणि त्याच्यामागे ठेवली.

"बसा तुम्ही."

नवा बसला, खुर्चीच्या अगदी कडेवर. फोन वाजला तेव्हा सर उभेच होते.