शनिवारी येतेय

हेमांगीच्या नावाने कुकरच्या जाहिरातीचा मेल घरोघर गेला. विषयाची ओळ तिनेच शिकवलेलं यंत्र लिहायचं; ज्याचे कान ज्या वाक्यासाठी आसुसलेले, तेच वाक्य त्याला दिसायचं. मेल उघडला नाही, असा माणूस उरला नाही. ऑफिसात टाळ्या वाजत असतानाच वेंगुर्ल्याहून वडिलांचा फोन आला.

“अगं, ‘बाबा, शनिवारी येतेय’ असा तुझा मेल आला, नि मी लगेच फणस उतरवला. तू सांगितलेला कुकरपण मागवलाय. येतेयस ना नक्की?”

दोन वर्षं ती घरी फिरकली नव्हती. तिची मान खाली गेली.

“शनिवारी येतेय, बाबा,” ती कशीबशी म्हणाली.

एवढं वाक्यसुद्धा तिला सुचायला यंत्र लागलं होतं.