खडीसाखर

“हा एक ठिपका रोज सकाळी सगळ्या खोल्यांत का फिरतो?” देवस्थळी सरांनी विचारलं.

साथीत लस किती माणसं वाचवते हे मोजायला मी संगणकात वृद्धाश्रम उभा केला होता. माणसं म्हणजे ठिपके. निरोगी हिरवे, आजारी लाल. नकाशा आईच्या वृद्धाश्रमाचा घेतला होता.

“आई सगळ्यांना खडीसाखर वाटत फिरायची, सर.”

लस यायच्या आधीच, भेटी बंद असताना, आई गेली. सरांना ते माहीत होतं.

“प्रत्येक वृद्धाश्रमात असं कोणी नसतं गं,” ते हळूच म्हणाले. “आकडा चुकेल. काढ तो.”

“काढते. त्याआधी एकदाच लस देऊन बघू?”

सर शेजारी बसले. मी कळ दाबली. साथ आली, काही ठिपके लाल झाले. आईचा मात्र हिरवाच राहिला, या खोलीतून त्या खोलीत फिरत. साथ ओसरली. भेटी सुरू झाल्या, तसा फाटकातून एक नवा ठिपका आत शिरला आणि थेट तिच्यापाशी जाऊन थांबला.

“हा कोण?”

“मी,” म्हटलं. “माझी खडीसाखर राहिलीय, सर.”