तांबड्या थराची धूळ

“एप्रन इथंच ठेवत जा. ही धूळ घरी नेऊ नकोस, छातीत बसते,” संग्रहालयात भिंगातून हाडं तपासणाऱ्या काकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिनं मान डोलावली आणि एप्रन पिशवीत कोंबला. संग्रहालयात धुतलेल्या कपड्यांना कुबट वास यायचा, आणि घरी तिचं सगळं हौसेनं करणाऱ्या सासूबाई होत्या.

गावाबाहेरच्या डोंगरातला तांबडा वालुकाश्म डायनासोरांच्या काळातला. त्याच्या थरांतली हाडं दगडासकट तिच्या टेबलावर यायची, आणि हवेवर चालणाऱ्या बारीक छिन्नीनं ती दिवसभर त्यांच्याभोवतीचा दगड उडवत बसायची. संध्याकाळी मान आखडलेली, डोळे चुरचुरणारे. बाळ रात्री आजीजवळ झोपायचं, म्हणून कसंबसं निभत होतं.

मग पहाटे भिंतीपलीकडून खोकला ऐकू येऊ लागला. कोरडा, दाबलेला.

“पोरगं जरा खोकलं गं. झोप तू,” सासूबाई पलीकडून म्हणायच्या.

काकांचं बोलणं तिला आत्ता कुठं आठवलं. त्या दिवसापासून तिनं बाळाला धुळीचा वाराही लागू दिला नाही. दारातच एप्रन सासूबाईंच्या हातात द्यायचा, आणि आंघोळ झाल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून एप्रन दणादण झटकायच्या. एवढ्या कोटी वर्षांपूर्वी मेलेलं जनावर, पण लोळायला त्याला माझीच गॅलरी सापडली, म्हणून हसायच्या आणि हसता हसता पाणी प्यायला आत जायच्या.

खोकला काही थांबेना. नोकरीच सोडते, ती एकदा म्हणाली.

“पोर सांभाळायला मी काय मेले आहे का?” सासूबाईंनी विषय तिथंच मिटवला.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिनं बाळाला दवाखान्यात नेलं. कशाला उगीच, असं पुटपुटत सासूबाईही आल्या आणि बाहेर बाकावर बसून राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी बाळाची छाती पुढून तपासली, मागून तपासली. अगदी स्वच्छ होती. तिचा विश्वास बसेना. बाळाला खांद्यावर थोपटत ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, की रोज पहाटे खोकतं, मी स्वतः ऐकते.

तेवढ्यात खोकला ऐकू आला. कोरडा, दाबलेला.

“हाच,” ती म्हणाली. “ऐकलात ना?”

डॉक्टरीणबाई दाराकडे बघत होत्या. तिच्या खांद्यावर बाळ गाढ झोपलं होतं.

तुमच्याही घरात पोर शांत झोपलं असेल, तर जरा त्याच्या शेजारी कोण निजलंय, तेही एकदा बघून या.