वॉर्डाबाहेरचा बाक

दीडशे वर्षांच्या दगडी हॉस्पिटलचे आता फ्लॅट होत होते. तळमजल्यावरच्या हॉलच्या एका भिंतीपुढे मात्र रंगाऱ्याने हात टेकले होते. बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर तिथे तीन तेलकट, गोल डाग होते. कितीही झाका, रंग वाळला की परत हजर.

"इथे वॉर्डाबाहेरचा बाक होता," मुकादम म्हणाला. "पेशंटची माणसं डोकं टेकून बसायची. तेल मुरलंय भिंतीत. मार अजून एक हात. उद्या मालक ताबा घ्यायला येतायत!"

रंगाऱ्याने त्या डागांवरून बोटं फिरवली. त्याची आई याच वॉर्डात गेली होती. त्या दिवशी बाहेर तिच्यासाठी कुणीच बसलेलं नव्हतं. तो कुणाचा तरी बंगला रंगवत होता.

जेवणाच्या सुट्टीत त्याने भंगारातून तो बाक ओढत आणला आणि भिंतीला लावला.

"बसा बाबांनो," तो हळूच म्हणाला. "उभ्याने किती दिवस काढणार?"

मग त्याने शेवटचा हात मारला. या खेपेला रंग वाळला तरी एकही डाग वर आला नाही.

संध्याकाळी पाय भरून आले, तसा तो जरा टेकायला बाकाच्या कडेशी गेला. रिकामा बाक आधी पलीकडच्या टोकाला करकरला, मग मधे, मग त्याच्या अगदी जवळ. उशिरा आलेल्या माणसाला सगळे सरकून जागा करून देतात, तसा.