वरच्या तळ्यातली पिल्लं

पाठीवरच्या कॅनमधलं पाणी गप्प झालं, तशी तेक्ला मागून ओरडली, की नीट चालू नकोस, हिंदकळत चाल. पाणी हललं नाही तर पिल्लं गुदमरतात, हे किती वेळा सांगायचं?

तिची सून रोसेर मोठमोठ्या धोंड्यांवरून तोल सांभाळत निघाली होती. पाय घसरला तर कॅनसकट खाली, आणि सांभाळून टाकला तर पाणी हलत नाही. समुद्राकाठची पोर, तिच्या गावात सगळ्यात उंच काय तर चर्चचा मनोरा. तिनं एकदा खाली पाहिलं, दात आवळले आणि कंबर हलवायला लागली. धोंड्यांवरून अशी डुलत गेली, की जत्रेतली अस्वलीणच. तेक्लाला हसू आलं, पण ते सुनेला दाखवण्यातली ती नव्हती.

कॅनमध्ये वरच्या तळ्यात सोडायची ट्राउट माशांची पिल्लं होती, बोटाच्या पेराएवढी. गेल्या साली गिरणीआळीचे पुरुष अशीच घेऊन आले, वाटेतल्या आसराघरापाशी कॅन टेकवून वाइन पीत बसले, आणि तळ्याशी पोचेपर्यंत सगळी पोटं वर करून तरंगत होती. यंदा आमच्या घरच्या बायका नेतील आणि जिवंत नेतील, असं तेक्लानं भर चौकात सांगून ठेवलं होतं. गिरणीआळी तेव्हापासून दात काढून बसली होती. शेवटची चढण तेक्लानं स्वतःसाठी राखली होती. तळ्यात कॅन उपडा करायचा तो तिच्याच हातांनी.

आसराघर हाकेच्या अंतरावर आलं आणि तिचा गुडघा कटकन वाजला. भिंतीला धरून ती दारापर्यंत आली. कॅन पाठीवर घ्यायला वाकली, ती तशीच राहिली.

बार्सिलोनाचे दोन गिर्यारोहक ओसरीत बसले होते. तिनं त्यांच्या हातातले सूपचे वाडगे काढून घेतले आणि कॅनच्या दोन कड्या त्यांना धरायला लावल्या. पाळण्यासारखा हलवा, थांबलात तर बघा. बिचारे हलवायला लागले.

"काकू, या पायानं बर्फाच्या घळीत शिरलात तर तुम्हाला खाली मलाच वाहून न्यावं लागेल," आसराघराचा रखवालदार अर्मेंगोल म्हणाला. "तुमचं वजन मला पेलायचं नाही."

"तुझ्या सूपावर जगलास तर कसं पेलेल?"

रोसेर मध्ये पडली नाही. तिनं सरळ कॅनचे पट्टे खांद्यांवर चढवले. "आई, मी जाते."

तेक्लानं तिला घळीत पाऊल कसं ठोकून टाकायचं ते सांगितलं, काळ्या खडकाच्या डावीकडून जा म्हणाली, वरून दगड येतो तेव्हा पळायचं नाही, भिंतीला चिकटायचं, हेही सांगितलं. रोसेर मान डोलवत, कंबर डोलवत निघून गेली.

मग सगळी दारात आली. अर्मेंगोलची दुर्बीण तेक्लानं कधी घेतली, ते त्यालाही कळलं नाही. घळीच्या मध्यावर रोसेर घसरली, कोपर बर्फात रुतवून थांबली. ती उठली. कॅन पाठीवरच होता. चढून वर गेली, काठाआड नाहीशी झाली, आणि तळ्याच्या अलीकडच्या कडेला पुन्हा दिसली.

तेवढ्यात तेक्लाच्या लक्षात आलं. कॅनमधलं पाणी उन्हानं कोमट झालेलं, तळ्यात अजून बर्फाचे तुकडे तरंगताहेत. तसंच ओतलं तर पिल्लं गारठून जागच्या जागी मरणार. सगळं सांगितलं होतं, हे सांगायचं राहिलं, ती अर्मेंगोलला म्हणाली.

इतक्या लांब हाक पोचत नाही. दारावर धुक्यात वाजवायची घंटा होती. ती ऐकली, की असेल तिथून परत फिरायचं, हे रोसेरलाही ठाऊक होतं. अर्मेंगोलनं घंटेचा दोर सोडवून तेक्लाच्या हातात दिला. पण रोसेर परत फिरली तर इथं येईपर्यंत पिल्लं टिकणार नव्हती.

"तिला माहीत असेल ना?" त्यानं विचारलं.

"मी सांगितलं नाही ते तिला माहीत असेल, असं मला कधी वाटलंच नाही."

तिनं दोर मुठीत आवळला. ओढला नाही.

वर रोसेरनं बूट काढले. घागरा कमरेला खोचला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली. कॅन गळ्यापर्यंत तळ्यात बुडवून कुशीत धरला, झाकण काढलं, आणि ओंजळभर तळ्याचं पाणी आत सोडलं. मग गुडघ्यानं कॅन हलवत राहिली. पुन्हा एक ओंजळ. पुन्हा हलवणं. खिंडीतून ढग उतरायला लागले. अशा पाण्यात पाय काळेनिळे पडतील, असं अर्मेंगोल पुटपुटला. तेक्लाच्या हातातून दोर केव्हाच सुटला होता.

बऱ्याच वेळानं रोसेरनं कॅन पाण्याखालीच आडवा केला. खाली वाकली, इतकी, की नाक पाण्याला टेकलं असेल. तशीच राहिली. मग ताठ झाली आणि त्या बर्फाच्या पाण्यात, एकटीच, हात उडवत नाचायला लागली.

दारात एकच गलका झाला. एका गिर्यारोहकानं टोपी उडवली, दुसऱ्यानं अर्मेंगोलला मिठी मारली. अर्मेंगोलनं हात पुढे केला. "काकू, द्या ना दुर्बीण. आम्हालाही बघू दे."

तेक्लानं दुर्बीण डोळ्यांवर आणखी घट्ट दाबली.

"थांब," ती म्हणाली. "माझं अजून बघून झालेलं नाही."