साठ दिवसांची पिशवी

बाळ शिंपीणबाईंकडेच राहिलं. हे वाचलंत तसं विसरून जा. ऑफिसच्या लेखी अजून काहीच ठरलेलं नाही.

फाइल हातात देताना हेडक्लार्क म्हणाले होते, "ही नऊ जणांच्या हातून गेलीये. जायचं, 'पाहणी चालू' लिहायचं, परत यायचं. निर्णय घेतलात की उशीर का झाला त्याचा खुलासा मागतात."

"माझी एकही फाइल साठ दिवसांच्या वर गेलेली नाही," पाहणीताई ठसक्यात म्हणाली. तिला नोकरीला लागून बारा दिवस झाले होते.

फाइलची आतली पानं ओल लागून एकमेकांना चिकटली होती. वरच्या पानावर एवढंच: बाळ. नाव ठरायचे आहे. कुटुंब जोखमीचे. ठेवावे की दत्तक द्यावे, निर्णय साठ दिवसांत.

शिंपीणबाईंची खोली एकच, पण लख्ख. भिंतीला शिलाई मशीन, खिडकीशी पलंग आणि पलंगावर नववा महिना लागलेली पोर. शिंपीणबाई तिला टाचणी म्हणत. आता ही टाचणी कुठल्याच कापडातून पार गेली नसती.

"नवरा?"

"मालट्रकवर," टाचणी म्हणाली. "रविवारी येतो. आला की झोपतो."

पाहणीताईने लिहिलं: आधार रविवारचा, झोपलेला.

"बाळाला इथे जागा पुरेल?"

"पुरते की," शिंपीणबाई म्हणाल्या. "खिडकीशी."

"मशीनच्या आवाजाचा त्रास?"

"छे! उलट मशीन थांबलं की बाळाला जाग येते."

पोटातसुद्धा ऐकू येतं, हे पाहणीताई प्रशिक्षणात शिकली होती. तिने बरोबरची खूण केली आणि टाचणीकडे वळली. "जन्मदात्या आईची इच्छा काय?"

"तिची कसली इच्छा? गेली ती गेली. परत फिरकली नाही."

आई स्वतःविषयी परक्यासारखी बोलते, पाहणीताईने लिहिलं. मानसिक ताण? तिने प्रश्नचिन्हाखाली दोन रेघा ओढल्या.

शिंपीणबाईंची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. "ताई, एक खरं सांगा. बाळाला नेणार का तुम्ही?"

"शुक्रवारच्या बैठकीत ठरेल. चांगलं घर मिळालं तर न्यावं लागेल."

शिंपीणबाईंनी हातातलं कापड डोळ्यांना लावलं. गिऱ्हाइकाचं होतं.

"आई, पुरे गं," टाचणी म्हणाली. "दरवेळी तुझं हेच."

"या वेगळ्या आहेत. आधीचे दोन ओळी खरडून उठायचे. या पानं भरतायत."

पाहणीताईला अवघडल्यासारखं झालं. विषय बदलायला तिने दारामागच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे एक कापडी पिशवी लटकत होती, गच्च भरलेली. "दवाखान्याची तयारी वाटतं?"

"ती तुमची," शिंपीणबाई म्हणाल्या. "'साठ दिवसांत कधीही न्यायला येऊ, बाळाचे कपडे भरून ठेवा,' असं पहिल्या ताईंनी बजावलं होतं. तेव्हापासून भरलेलीच आहे. मापं तेवढी बदलत राहते."

"बघू?"

पिशवीत झबलं नव्हतं, टोपडं नव्हतं. चापून घडी घातलेले दोन गाऊन होते. ढगळ, पोटाशी चुण्या जास्त.

पाहणीताईने एक गाऊन उलगडून टाचणीच्या पोटाशी धरून पाहिला. मग तिने शिंपीणबाईंची कात्री मागून घेतली, टोकाने फाइलची चिकटलेली पानं सोडवली आणि बाळाची जन्मतारीख वाचली. एकदा. मग बोटांवर मोजून पुन्हा एकदा.

"पाणी देऊ का ताई?" टाचणीने विचारलं.

पाहणीताईने मान हलवली, कोरा कागद काढला आणि तिथेच, मशीनच्या फळीवर, लिहायला घेतलं:

"सदर बाळाने वयाची चोवीस वर्षे पूर्ण केली असून त्यास नववा महिना लागला आहे. तरी बाळ शिंपीणबाईंकडेच कायम ठेवण्याचा निर्णय बाळाच्या बाळंतपणापूर्वी घेण्यात यावा, ही नम्र विनंती."